करवंदाची जाळी की चिऱ्याचं कंपाउंड?

केकवरची ती लालभडक चेरी असते ना, ती बऱ्याचदा चेरी नसतेच. आपलं करवंद असतं. कच्च्या करवंदातल्या बिया काढायच्या, फळं साखरेच्या पाकात मुरवायची, तांबडा रंग चढवायचा, झाली चेरी तयार! हापिसातल्या वाढदिवसांना मी हे ज्ञान हमखास पाजळतो आणि हमखास कुणीतरी "ईऽऽ" म्हणतं. त्यात ई काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

असो. आजचा विषय केक नाही, कुंपण आहे. ज्यांचं गाव कोकणात आणि पगार पुण्या-मुंबईत, अशा माझ्यासारख्या मंडळींनी जरा मनावर घ्यावं म्हणून लिहितोय.

रत्नागिरीच्या आसपास हल्ली बऱ्याच वाड्यांत हेच दिसतं. बागेच्या कडेची करवंदाची जाळी गेलेली आणि तिथे जांभ्या चिऱ्याचं कंपाउंड उभं. मे महिन्यात चाकरमानी गावी येतो, जेसीबी बोलावतो आणि आज्याच्या वेळची जाळी सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत साफ! आमच्याही घरात सध्या हीच चर्चा आहे. काका कंपाउंडच्या बाजूने, मी विरुद्ध आणि फॅमिली ग्रुपवरचे बाकीचे दोघांच्याही मेसेजला अंगठे दाखवून मोकळे.

आधी हे झुडूप काय चीज आहे ते बघू. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास, लिनियसने १७६७ साली दिलेलं. संस्कृतात करमर्द. कुळ कण्हेर, तगर आणि सदाफुलीचं, म्हणजे फांदी मोडली की पांढरा चीक आलाच. याच कुळात कण्हेरीसारखी जहाल विषारी झाडं आहेत, पण पिकलं करवंद मात्र मूठमूठ खावं. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत आणि बारा महिने हिरवी. फाल्गुन-चैत्रात पांढरी फुलं येतात, पाच पाकळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एका बाजूला कललेल्या. वास गोड, थोडाफार मोगऱ्याच्या वळणाचा. वैशाखात फळं काळी होतात. मग फोडून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ ज्याला माहीत नाही त्याने आपलं बालपण एकदा तपासून घ्यावं.

पण खरी गंमत आहे काट्यात. करवंदाचा काटा म्हणजे फांदीचंच टोक. फांदी थोडी वाढते, मग शेंड्याच्या डोळ्यातून पालवीऐवजी काट्यांची जोडी येते आणि ती फांदी तिथेच थांबते. पुढची वाढ बाजूच्या पानांच्या बेचक्यातले डोळे करतात. त्या नव्या फांद्याही थोड्या वाढून तसंच काटे काढून थांबतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा चक्क बायनरी ट्री आहे, आणि प्रत्येक नोडवर काटे! म्हणूनच तिला 'जाळी' म्हणतात, झाड नाही. तारेच्या कुंपणात गुरं मान घालून पाहतात. भरलेल्या जाळीत म्हैस तोंड घालत नाही.

आता चिऱ्याचं कंपाउंड. चिरे येतात कुठून? दुसऱ्या कुठल्यातरी सड्यावरच्या खाणीतून. म्हणजे एक सडा राखायला दुसरा खणायचा. आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या बागा उतारावर. जुने लोक सुट्या दगडांचा गडगा रचायचे आणि त्याच्या कडेने करवंद वाढू द्यायचे. पाणी दगडांच्या फटींतून निघून जायचं, माती मुळं धरून ठेवायची. सिमेंटात बांधलेल्या भिंतीला पाण्यासाठी भोकं ठेवली नाहीत तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि एखाद्या जुलैत दहा-पंधरा फूट भिंत खालच्या माणसाच्या कलमांवर जाऊन बसते. मी काही सिव्हिलवाला नाही, पण एवढं कळायला डिग्री लागत नाही. माकडं दोन्हीला जुमानत नाहीत म्हणा. फरक इतकाच की भिंतीवर त्यांची बसायची सोय होते.

काकाचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. "करवंदाला सर्व्हे नंबर कळतो काय रे?" हा त्याचा हुकमी प्रश्न. जाळी पसरते, पाच-सहा फूट जागा खाते, शेजारी हद्द सरकवतो, आणि दरवर्षी छाटायला गडी मिळत नाही. खरं आहे. पण हद्दीचं उत्तर सरकारी मोजणी आणि हद्दीचे दगड हे आहे. जाळी त्या दगडांच्या आत लावा. छाटणी वर्षातून एकदा, फळं संपली की पावसाच्या तोंडावर. दोन माणसांच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीत भिंत काही बांधून होत नाही!

आणखी एक गोष्ट आहे, ती हिशोबात कुणी धरत नाही. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, पडीक डोंगरांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. चांगलंच झालं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कलमं मालकाची आणि करवंदं काढेल त्याची, असा न लिहिलेला नियम होता. एप्रिल-मेमध्ये पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन एसटी स्टँडवर बसणाऱ्या बायकांची स्वतःची करवंदाची बाग नसते. त्या आपल्या बांधावरची, सड्यावरची जाळी धुंडाळतात, हात रक्ताळून घेतात आणि महिना-दीड महिना घरात चार पैसे आणतात. पिकलं करवंद दोन-तीन दिवसांत बसतं, ते काही मॉलपर्यंत पोचत नाही. आपण भिंत घालून गेटला कुलूप लावून पुण्याला येतो तेव्हा ही मिळकतही बंद होते. तक्रार करायला कुणी येत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. शिवाय लोणचं, मुरंबा, सरबत, वटपौर्णिमेच्या वाणातली मूठभर करवंदं, बुलबुलांची न्याहारी, हे सगळं जातंच.

मी काकाला तडजोड सुचवली आहे. रस्त्याच्या बाजूला हवी तर भिंत घाल, गाड्यांची धूळ अडेल. वरच्या अंगाची आणि पऱ्ह्याकडची जाळी राहू दे, जिथे तुटलीय तिथे नवी लावू. करवंदं काढायला येणाऱ्यांसाठी बेडं ठेवू. यावर त्याचं "बघू" आलंय. आमच्या घराण्यात याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

कुणाला लावायचीच असेल तर सांगतो. पूर्ण पिकलेल्या फळांच्या बिया धुऊन लगेच पेरायच्या, सुकवून ठेवल्या तर उगवत नाहीत. पिशवीत वर्षभर रोप वाढवून पुढच्या मृगात दोन-दोन फुटांवर लावायचं आणि पहिली दोन वर्षं गुरांपासून जपायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' नावाची जात काढली आहे. लोणच्या-मुरंब्याचा विचार असेल तर ती बघा. कुंपणाला मात्र रानातलंच करवंद बरं, काट्यांत काटकसर करत नाही.