सीबीआयला ब्रँच कुठली?

फर्स्ट इयरचा निकाल लागला त्या रात्री विंगमधला एक ज्युनियर मेसमध्ये समोर येऊन बसला. "दादा, मला सीबीआयमध्ये जायचंय. मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला जाऊ का? नाही मिळालं तर वर्ष ड्रॉप करतो." घरी अजून सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आधी भात संपव.

हा प्रश्न हॉस्टेलवर दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि उत्तरं देणारे बहुतेक टीव्हीवरच्या सिरियली पाहून देतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीबीआयमध्ये सब-इन्स्पेक्टर होण्यासाठी स्टाफ सिलेक्शनची सीजीएल परीक्षा असते. पदवी कुठलीही चालते. वरचे अधिकारी बहुतांशी आयपीएसमधून डेप्युटेशनवर येतात, म्हणजे यूपीएससी. तिथेही पदवी कुठलीही. एफबीआयची स्वप्नं पाहणाऱ्यांनी आधी पासपोर्ट पाहावा, कारण स्पेशल एजंटला अमेरिकन नागरिकत्व लागतं. पण पदवी कुठल्या विषयाची, याचं बंधन त्यांनाही नाही. वर साधारण 2 वर्षं नोकरीचा अनुभव मागतात.

ब्रँच मोजली जाते ती इंटेलिजन्स ब्युरोच्या टेक्निकल पदांना. तिथे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा गेट स्कोअर बघतात. आणि गंमत म्हणजे यूपीएससीच्या ऑप्शनल विषयांत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आहे, कॉम्प्युटर नाहीच! म्हणजे आमचा पठ्ठ्या हातातला विषय सोडून निघाला होता. (अर्थात आपले बरेच इंजिनियर शेवटी समाजशास्त्र नाहीतर मराठी वाङ्मय घेतात, ते सोडा.)

"पण दादा, आता सगळं सायबर आहे ना?" आहे की. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. पण सगळंच सायबर नाही. 26 फेब्रुवारी 1993 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये स्फोट झाला, तेव्हा ढिगाऱ्यातल्या वाकड्यातिकड्या लोखंडाच्या एका तुकड्यावर गाडीचा नंबर सापडला. त्यावरून भाड्याची व्हॅन कळली, आणि ती भाड्याने घेणारा डिपॉझिट परत मागायला आला तिथेच पकडला गेला. गाडीवर नंबर कुठे कुठे कोरलेला असतो हे ज्याला माहीत, त्याचं ते काम. सत्यमचा घोटाळा 2009 मध्ये उघडा पडला तेव्हा प्रश्न होता हिशेबातल्या सुमारे 5,040 कोटींच्या नसलेल्या रोकडीचा. तिथे ताळेबंद वाचता येणारा माणूस हवा. तपासाला सगळेच लागतात राव.

माझं मत विचाराल तर ब्रँच निवडायची ती परीक्षा निघाली नाही तर काय, हे धरून. निघणाऱ्यांपेक्षा न निघणारेच कितीतरी जास्त असतात. ज्या विषयाची जर्नल लिहितानाही झोप येते त्यात चार वर्षं काढून पुढे त्यावर पोट कसं भरणार? दुसरी चूक त्याहून वाईट, सेकंड इयरपासून कॉलेज सोडून लायब्ररीत 'तयारी' करत बसणं. आमच्या ओळखीच्या एका सीनियरने असंच केलं. लेखी परीक्षा काढलीसुद्धा, पण एम-थ्रीची केटी राहिली होती. ठरलेल्या तारखेला पदवी हातात नाही म्हटल्यावर सगळंच गेलं. त्या दिवशी तो रूमचं दार लावून बसला होता, जेवायलाही आला नाही.

सरांनाही एक विनंती. प्लेसमेंट सेलच्या बोर्डावर कंपन्यांच्या तारखा लागतात, तशा सीजीएल आणि गेटच्याही लावा. या खात्यात गेलेला एखादा माजी विद्यार्थी दोन तास बोलायला आणलात तर निम्म्या अफवा मेसमध्येच मरतील.

ज्युनियरने ब्रँच बदलण्याचा फॉर्म आणून ठेवलाय. शुक्रवारची मुदत आहे. काल रात्री मात्र त्याने घरी फोन केला, बराच वेळ गॅलरीत बोलत होता.