जेवणाच्या टेबलावरची घटना

ऑन्टारिओतल्या स्टोनी क्रीकमध्ये १९ फेब्रुवारी १८९७ रोजी शेतकरी कुटुंबांतल्या बायका जमल्या आणि 'विमेन्स इन्स्टिट्यूट' जन्माला आली. वक्त्या अ‍ॅडलेड हूडलेस; तान्हा मुलगा गमावलेली आई. सभा जमवणारे शेतकरी अर्लंड ली. संस्थेची घटना लिहिली गेली ती लींच्या घरी, चक्क जेवणाच्या टेबलावर!

मला मात्र मोठं वाटतं ते संस्थेचं पुढचं काम. शाखाशाखांनी 'ट्वीड्समुअर' इतिहासवह्या भरल्या : शेतं, शाळा, चर्च, दुकानं, जुनी घराणी, कात्रणं नि फोटो चिकटवून. असला चिवटपणा पगारी इतिहासकारांना क्वचितच जमतो. ऑन्टारिओतल्या आमच्या वाचकांनी आपल्या गावची वही जरूर शोधावी. बऱ्याच आता इंटरनेटवर आहेत.

– संपादक