सार्थवाहाची दवंडी

ज्ञाताधर्मकथा या अंगसूत्रात धन्य नावाच्या सार्थवाहाची कथा आहे. चंपा नगरीहून अहिच्छत्रेस व्यापारासाठी निघण्यापूर्वी त्याने नगरात दवंडी पिटविली. ज्यास यावयाचे असेल त्याने यावे. छत्र नसेल त्यास छत्र, पादत्राण नसेल त्यास पादत्राण, शिदोरी नसेल त्यास शिदोरी मिळेल. वाटेत कोणी आजारी पडला तर त्याची काळजी घेतली जाईल. पुढे घोर अरण्याच्या तोंडाशी आल्यावर त्याने पुन्हा सर्वांस बजावले की, या वनात नंदीफळ नावाचे वृक्ष आहेत. दिसावयास रम्य, फळ गोड, सावली गर्द. परंतु जो फळ खाईल किंवा सावलीत विसावेल तो प्राणास मुकेल. ज्यांनी ऐकले ते अहिच्छत्रेस पोहोचले. ज्यांनी ऐकले नाही त्यांची कथा तेथेच संपली.

आगमात हा दृष्टांत विषयासक्तीच्या संदर्भात येतो, हे खरेच. पण दृष्टांतासाठी जी सामग्री घेतली आहे ती अस्सल व्यापाऱ्याच्या अनुभवातील आहे. प्रवासास निघण्यापूर्वी संकटांची माहिती करून देणे हे सार्थवाहाचे कर्तव्यच मानले जात होते. आज आपल्या इंदापूर-बारामती भागातील डाळिंब, द्राक्षे आणि केळी आखाती देशांत जातात. पेढ्यांवरील तरुण दुबई, नैरोबी येथे सहज जाऊन येतात, मुले वैद्यकीय शिक्षणासाठी दूरदेशी राहतात. मात्र निघताना आपण बॅगेत खाकरा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी भरतो आणि अरण्याविषयी काहीच सांगत नाही.

पाश्चात्त्य देशांत अशांत प्रदेशात जाणाऱ्यांसाठी रीतसर शिक्षण असते. त्यास थोडक्यात ‘हीट’ म्हणतात. १९९० च्या दशकात ब्रिटनमधील निवृत्त सैनिकांनी वार्ताहरांसाठी असे वर्ग चालू केले; आज मदतसंस्थांचे सेवकही ते करतात. तीन ते पाच दिवसांच्या या वर्गात चौकीवर गाडी थांबविल्यास हात कोठे ठेवावेत, गोळीबार झाल्यास आडोसा आणि नुसता पडदा यांत फरक कसा ओळखावा (मोटारीचे दार गोळी अडवीत नाही), वाहते रक्त कसे थांबवावे, हे सराव करवून शिकवितात. आपल्यापैकी प्रत्येकाने ते करावे असे मी म्हणणार नाही. त्याचे शुल्कही भारी असते. मात्र रक्तस्राव थांबविणे आणि प्राथमिक उपचार यांचे शिक्षण सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉस यांच्यामार्फत आपल्याकडेही मिळते. परदेशी जाणाऱ्या मुलाने एवढे तरी अवश्य करावे.

धन्याचा इशारा ऐकूनही काही जण नंदीफळाखाली का बसले असतील? २०२२ चे युक्रेन पाहिले म्हणजे उलगडा होतो. कीव्ह येथील भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारीस विद्यार्थ्यांना तात्पुरते परतण्याचा सल्ला दिला होता, २० तारखेस पुन्हा दिला. युद्ध २४ तारखेस पेटले. मधल्या दिवसांत हजारो मुले तेथेच राहिली, कारण महाविद्यालये ऑनलाइन वर्गास तयार नव्हती आणि विमानाचे भाडे गगनाला भिडले होते. हजेरी बुडेल, पैसे जातील, ही ती गोड सावली. १ मार्च रोजी खारकीव्हमध्ये किराण्याच्या रांगेत उभा असलेला कर्नाटकातील एक विद्यार्थी ठार झाला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने सांगितले की, वाहन मिळाले नाही तर पायी निघा, पण संध्याकाळी सहापर्यंत खारकीव्ह सोडा. सुमी येथे अडकलेली मुले बर्फ वितळवून पाणी पीत होती. ती ८ मार्चला बाहेर पडली. ‘ऑपरेशन गंगा’ने सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले, हे आपल्या शासनाचे मोठेच काम. तथापि परतण्याचा निर्णय आधी घेणाऱ्यास नेहमीच्या विमानाचे तिकीट मिळते आणि उशिरा घेणाऱ्यास सीमेवरची रांग मिळते. म्हणून कोणत्या सूचनेनंतर परतावयाचे हे घरातून निघतानाच ठरवावे, आणि त्या वेळी तिकिटाचा खर्च बापाने मोजू नये.

बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ ज्यांनी वाचले असेल त्यांस त्यातील चोरांच्या गावाचा प्रसंग आठवेल. वाट चुकून हे जैन व्यापारी नेमके चोरांच्या वस्तीत शिरले. बनारसीदासांनी श्लोक म्हणून चोरांच्या म्होरक्यास आशीर्वाद दिला आणि रात्रीतून सुताची जानवी वळून सर्वजण ब्राह्मण झाले. १६४१ सालच्या त्या ग्रंथातील हा प्रसंग मोठा रंजक आहे. अनुकरणीय मात्र नाही. आज चौकीवर खोटी ओळख सांगणारा हेर ठरतो. त्यांचे प्रसंगावधान घ्यावे, जानवे घेऊ नये.

आता माझ्या पूर्वीच्या व्यवसायातील चार गोष्टी. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवैत गिळले. जगातील महाग चलनांपैकी एक असलेला कुवैती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणून नंतर चलनातूनच काढला गेला. एअर इंडियाने अम्मानहून सुमारे पावणेदोन लाख भारतीय मुंबईस आणले. त्यांतील कित्येक जण वीस-वीस वर्षांची कमाई मागे टाकून आले होते. त्या काळात आमच्या शाखेत एक भगिनी येत. पती कुवैतमध्ये, त्यांचा ठावठिकाणा नाही, आणि खाते केवळ पतीच्या नावावर. पैसा समोर होता, पण नियमाने हात लावता येत नव्हता. ते गृहस्थ सुखरूप परतले, परंतु मधले आठवडे त्या बाईंनी उसनवारीवर काढले. घरखर्चाचे खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असावे, पेढीच्या खात्यावर सही करणारे दोघे असावेत आणि दोघांनी एकत्र अशांत प्रदेशात जाऊ नये. प्रवासविम्याची बारीक अक्षरे वाचावीत. बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेले असते. परदेशात दूतावासाकडे नाव नोंदविण्यास पाच मिनिटे लागतात.

काही ज्येष्ठांना एक शंका वाटेल, ती रास्त आहे. चौविहार करणारी मुलगी चार दिवस तळघरात अडकली तर काय करील? प्रत्याख्यानाच्या पाठात आगार, म्हणजे सवलती, आपल्या आचार्यांनीच घालून ठेवल्या आहेत. कोणता आगार केव्हा लागू होतो हे निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारून घ्यावे, म्हणजे तेथे एकटीने धर्मसंकट सोसावे लागणार नाही.

राहिली घरची तयारी. ‘हीट’च्या वर्गात प्रत्येकाकडून एक खासगी प्रश्नोत्तर लिहून घेतात, अपहरण झाल्यास माणूस जिवंत आहे की नाही हे त्यावरून ताडता येते. आपल्यास त्याचा उपयोग इंदापुरात बसूनही आहे. मुलाच्या हुबेहूब आवाजात ‘बाबा, मला पकडले आहे, पैसे पाठवा’ असा फोन येण्याचे दिवस आता आले आहेत. घरात एक परवलीचा शब्द ठरवावा आणि तो ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. तो शब्द पेढीच्या, मुलांच्या किंवा मूळ गावाच्या नावावरून घेऊ नये. ती सर्व नावे लग्नपत्रिकांतून आणि फेसबुकवरून केव्हाच जगजाहीर झालेली आहेत.