संरक्षणाच्या मोबदल्यात मौन

अल्पसंख्याकांच्या धर्माने राजकारणात पडू नये, असे शहाणपण सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. राज्यकर्ता कणखर असावा, त्याने आपली प्रार्थनास्थळे राखावीत आणि आपण कृतज्ञतेने गप्प राहावे, असा हा हिशेब. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्या घराण्यांनाही तो अनोळखी नाही. इंडोनेशियातील ख्रिस्ती समाजाच्या पुष्कळशा धुरीणांनी तो तीस वर्षे मांडून पाहिला. त्याची बाकी काय उरली, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९६५-६६ च्या हत्याकांडात लाखो माणसे कम्युनिस्ट ठरवून मारली गेली. पुढे सुहार्तोंच्या राजवटीत निधर्मी म्हणजे कम्युनिस्ट असे समीकरण रूढ झाले आणि जीव वाचविण्यासाठी अनेकांनी मान्यताप्राप्त धर्मांचा आश्रय घेतला; चर्चेही भरली. राजवटीने संरक्षण दिले, त्याचा मोबदला मौनाने चुकता झाला. ७ डिसेंबर १९७५ रोजी पूर्व तिमोरवर जे आक्रमण झाले, त्याच्या सूत्रधारांत बेनी मुर्दानी हे कॅथलिक सेनाधिकारी होते. ज्या भूमीवर चाल केली ती पोर्तुगीज अमलाखालची. एके काळी तिचा कारभार गोव्यातून चालत असे. तेव्हा हा सारा धर्माधर्मांतला तंटा होता, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

मौनाने संरक्षण तरी मिळाले काय? १२ मे १९९८ रोजी जाकार्तात त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात ठार झाले. पाठोपाठ उसळलेल्या दंगलींत चिनी वंशाच्या लोकांची घरे-दुकाने जाळली गेली, स्त्रियांवर बलात्कार झाले. या समाजात ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने होते. हजारावर माणसे मेली. त्यांतली पुष्कळशी गोरगरीब, बाजारसंकुलांच्या आगीत कोंडली गेलेली. २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले, आणि ज्याच्या भरवशावर गप्प बसायचे तो रक्षकच नाहीसा झाला.

त्या काळात चर्चची लाज राखली ती सांद्यावान यांच्यासारख्या जेसुइट धर्मगुरूने. १९९६ मध्ये सरकारला हव्या असलेल्या तरुण कार्यकर्त्यांना आसरा दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला होता. १९९८ मध्ये त्यांच्या स्वयंसेवकांनी मृतांची आणि अत्याचारित स्त्रियांची नोंद केली. तक्रारच आली नाही, तर गुन्हा कोठे घडला, असे अधिकारी विचारीत असताना मोजणी करणे हाच प्रतिकार होता. सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन समितीला पुढे ५२ बलात्कारांची खातरजमा करता आली.

मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची उसनवारी, हा दुसरा आक्षेप. सुहार्तोंच्या समर्थकांनाही तो फार प्रिय होता. त्याला आमचे उत्तर मांगुनविजय. जावा बेटावर जन्मलेला हा धर्मगुरू वास्तुविशारद आणि कादंबरीकारही होता. योग्यकर्त्याच्या कोदे नदीकाठची झोपडवस्ती उठविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तो तेथल्याच लोकांत जाऊन राहिला आणि त्यांच्यासह त्याने वस्ती नव्याने उभारली. त्या कामाला १९९२ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, म्हणजे मुस्लिम जगाचा मान. डोक्यावरचे छप्पर कोणी हिसकावू नये, ही इच्छा उसनी कोठून आणावी लागते?

आता अवघड भाग. पूर्व तिमोरच्या बाजूने निर्भयपणे बोलणारे बिशप बेलो १९९६ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे एक मानकरी. त्यांच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, आणि २०२० मध्येच आपण त्यांच्यावर निर्बंध घातल्याचे व्हॅटिकनने २०२२ मध्ये मान्य केले. दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत १२ नोव्हेंबर १९९१ रोजी सैन्याने केलेला संहार त्यामुळे खोटा ठरत नाही. पण सैन्याने मारलेल्यांची नावे मागायची आणि आपल्या छपराखाली पीडलेल्यांविषयी कुजबुजायचे, हे चालणार नाही. सांद्यावान यांनी जाकार्तात जी वही उघडली, तीच येथेही उघडली पाहिजे. चर्चची बदनामी होईल म्हणून गप्प राहा, असे म्हणणारे त्या जुन्याच हिशेबाचे वारस होत.

तिकडे राज्यसत्तेची स्मृतीही सोयीस्कर आहे. मे १९९८ च्या घटना ही मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली होती, असे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. २०२५ मध्ये नव्या राजवटीच्या संस्कृतिमंत्र्यांनी त्या सामूहिक बलात्कारांवरच संशय घेतला. १० नोव्हेंबर २०२५ रोजी सुहार्तोंना राष्ट्रवीर ही पदवी मिळाली. त्याच दिवशी, त्याच यादीत मार्सिना हे नाव होते : सुहार्तोंच्याच काळात, १९९३ मध्ये, हत्या झालेली कामगार कार्यकर्ती. मारली गेलेली आणि ज्याच्या अमलात मारली गेली तो, दोघे एका पंक्तीला!

सांद्यावान यांच्या पथकात वावान नावाचा कॅथलिक विद्यार्थी होता. १३ नोव्हेंबर १९९८ रोजी जखमींच्या मदतीला धावला असता त्याला गोळी लागली. त्याची आई सुमार्सिह आणि तिच्यासारखीच दुःखे सोसलेले सोबती यांनी १८ जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर काळ्या छत्र्या घेऊन उभे राहण्याचा परिपाठ सुरू केला. उभे राहणाऱ्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, १९६५ च्या बंदिवासातून सुटलेले वृद्धही आहेत. ती माणसे गप्प उभी राहतात, पण त्या मौनाच्या मोबदल्यात कोणाकडे संरक्षण मागत नाहीत.