नेट बंद? तक्रार क्रमांक मागाच!

नागपुरात सिमेंट रस्त्यासाठी खोदकाम निघाले की केबल तुटायला वेळ लागत नाही. मग महाल असो की नंदनवन, मुलीचा प्रवेश अर्ज अडतो, डब्यांच्या ऑर्डरी हुकतात. बिल मात्र पूर्ण येते! "मॅडम, वरूनच प्रॉब्लेम आहे," हे उत्तर तर आता पाठच झालेय.

दाद मागायची कुठे? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या टेलिग्राफ कायद्याचा आधार घेत फोनच्या तक्रारींना ग्राहक मंचाचे दार बंद केले. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने ते पुन्हा उघडले. तब्बल साडेबारा वर्षांनी!

तेव्हा मैत्रिणींनो, नुसते फोनवर भांडून दमू नका. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळायलाच हवा. तो तारखेसह वहीत लिहून ठेवा. काम झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच. तरीही नाही भागले तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. रक्कम दोनशेची असेल, पण बुडालेला दिवस आपला असतो ना!