स्मरणार्थ : नाव पंख्यावर की सराव पायांत?

आपल्या भागातल्या कुठल्याही शाळेत जा. पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, भिंतीवरच्या घड्याळावर 'यांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं दिसेल. देणाऱ्याची भावना खरी असते आणि लेकरांना वारा, पाणी मिळतं. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण अलीकडे काही जण आई-वडिलांच्या आठवणीसाठी वेगळीच वाट धरतात. ते लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करतात. त्यातून आपण शिक्षक-पालकांनी काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याविषयी हे थोडं लिहितो आहे.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं, तिन्ही एकापाठोपाठ. त्यातला सर्वांत ओळखीचा मोठा पल्ला 'आयर्नमॅन'चा : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. हे सगळं साधारण १७ तासांच्या आत. १९७८ साली हवाईमध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला ती १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा आपल्याकडे घरोघरी हे नाव पोहोचलं. २०१९ पासून गोव्यात याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा होऊ लागली.

"गेलेल्या माणसाला याचा काय उपयोग?" असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. उपयोग मागे राहिलेल्याला आहे. तेरावा होतो, पाहुणे परततात, लोक म्हणतात "आता सावरा." पण सावरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. स्पर्धा एका दिवसाची असते, तयारी मात्र कित्येक महिन्यांची. पहाटे उठायचं, ठरलेलं अंतर कापायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या एकट्या तासात गेलेल्या माणसाची आठवण निवांत येते, आणि रडू आलं तरी पाय चालू राहतात.

आपल्याला हे नवीन आहे का? मुळीच नाही. आळंदी ते पंढरपूर वारी साधारण अडीचशे किलोमीटरची. कितीतरी घरांत वडील गेले की मुलगा वारी धरतो, सासूमागे सून जाते. "घरची वारी चुकू द्यायची नाही" एवढंच कारण पुरतं. चालून आठवण जपायची ही रीत आपल्या मातीतलीच आहे.

सचिन तेंडुलकरचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. १९९९ च्या विश्वचषकात वडील, प्रा. रमेश तेंडुलकर गेले. सचिन इंग्लंडहून घरी आला. आईनेच त्याला परत जायला सांगितलं. २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या आणि शतक झाल्यावर आभाळाकडे पाहिलं. त्याचं दुःख काही संपलं नव्हतं, पण ते घेऊन उभं राहायला हक्काची जागा होती.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या वर्गांत आई किंवा बाप गमावलेली लेकरं आहेत. कुणाचे वडील कर्जापायी गेले, कुणाची आई कोरोनात. त्यांना आपण काय म्हणतो? "आता तूच घरचा कर्ता." "बाबांचं स्वप्न पूर्ण कर." मार्क कमी पडले की, "वर बाबांना काय वाटत असेल?" माझं स्पष्ट मत आहे, हे बोलणं थांबवलं पाहिजे. ट्रायथलॉन करणारा माणूस मोठा असतो, अंतर तो स्वतः निवडतो, झेपलं नाही तर थांबूही शकतो. दहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर गेलेल्या बापाच्या नावाने ओझं ठेवलं तर ते उतरवायचं कसं, हे त्याला कळत नाही.

त्यापेक्षा त्याला सराव द्या, आणि तो त्यालाच निवडू द्या. मैदानाला रोज दोन चकरा. बाबांच्या सायकलवरून शाळेत येणं. आईने लावलेल्या झाडाला पाणी. एखाद्या दिवशी चुकलं तर कुणी बोलायचं नाही आणि नोंदही ठेवायची नाही. खेळाचा तास गणितासाठी घेण्याआधी दोनदा विचार करा, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाला दिवसभरात मोकळा श्वास मिळण्याची तेवढीच वेळ असेल. मात्र पोहण्याच्या नादात मुलांना विहिरीत, तळ्यात किंवा गोदावरीत एकटं सोडू नका. महागडी सायकल, मेडल हेही लागत नाही.

पालकांसाठी शेवटचं. २०१६ मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईला धावत निघाले होते. तेव्हा त्यांच्या आई उषाताई साडी नेसून अनवाणी त्यांच्यासोबत काही अंतर धावल्या. ज्यांचे आई-वडील आहेत त्यांनी स्मृतीची वाट कशाला बघायची? आज संध्याकाळी त्यांना घेऊन वेशीपर्यंत चालून या, आणि जाताना आपल्या मुलांनाही सोबत घ्या.