तिठ्यावर न दिसलेली गाडी



नटाच्या मरणाची गोष्ट शेतीच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. पण हा नट शेतकऱ्याच्या घरात वाढला होता, आणि ज्या चित्रपटाने त्याचे नाव झाले त्यात त्याने घेवड्याचे पीक घेतले होते. नाव जेम्स डीन, देश अमेरिका. ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात तो गेला तेव्हा त्याचे वय होते अवघे चोवीस. आपल्याकडे १९८४ साली अरुण सरनाईक मोटार अपघातात गेले, तेव्हा पारावर आणि चुलीपाशी जी हळहळ झाली ती जुन्या मंडळींना आठवत असेल. तिकडेही तसेच झाले, त्याहून जास्तच झाले.

डीनचा जन्म १९३१ सालचा, इंडियाना राज्यातला. मक्याचा मुलूख. पोर नऊ वर्षांचे असताना आई कर्करोगाने गेली. वडील दूर कॅलिफोर्नियात नोकरीला. त्यांनी मुलाला इंडियानात फेअरमाउंट गावी आपल्या बहिणीकडे धाडले. आत्या आणि तिचे यजमान शेती करीत. त्यांनी भाच्याला पोटच्या पोरासारखे वाढवले.

पुढे तो नट झाला. 'ईस्ट ऑफ ईडन' हा त्याचा चित्रपट १९५५ साली आला. कथा कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातली, पहिल्या महायुद्धाच्या वेळची. बाप लेट्यूस नावाचा पाला बर्फ घातलेल्या डब्यांतून रेल्वेने लांबच्या बाजारात पाठवतो. गाडी वाटेत अडकते, बर्फ वितळते, माल सडतो, बाप बुडतो. मग धाकटा मुलगा लढाईमुळे भाव चढणार हे हेरून घेवडा पेरतो आणि मिळालेला पैसा बापापुढे ठेवतो. बाप तो घेत नाही. हा मुलगा म्हणजे डीन. (बापाचा विचार तसा चुकीचा नव्हता, घाई झाली होती. पुढे सॅलिनासचा लेट्यूस थंड डब्यांतूनच देशभर गेला.)

डीनला मोटारींच्या शर्यतीचा नाद. 'जायंट' या चित्रपटाचे काम चालू असेपर्यंत कंपनीने त्याला शर्यतीची मनाई केली होती. काम संपत आले तशी त्याने नवी पोर्शे गाडी घेतली. रुपेरी-करड्या रंगाची, वजनाला हलकी, कमरेइतकी बुटकी. याच सुमारास रस्ता सुरक्षेच्या एका फिल्मसाठी त्याने लोकांना गाडी जपून चालवायला सांगितले होते. मग शर्यतीसाठी तो निघाला, तोही सॅलिनासलाच. बरोबर एक मेकॅनिक होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास पोलिसाने अडवले. ताशी ५५ मैलांची मर्यादा असताना गाडी ६५ ने, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरने चालली होती. कागद हाती देऊन पोलिसाने सोडून दिले.

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास तो शोलेम नावाच्या वस्तीजवळ दोन रस्त्यांच्या तिठ्यावर आला. तोंड पश्चिमेला, समोर उतरता सूर्य. पलीकडून एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी फोर्ड गाडीतून घरी चालला होता. त्याला डावीकडे वळायचे होते. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचे तर समोरून येणाऱ्याची वाट कापावी लागते. तो वळला आणि पोर्शे त्याच्यावर आदळली. मेकॅनिक बाहेर फेकला गेला आणि वाचला. डीन गाडीतच अडकला. त्याची मान मोडली होती. पासो रोबल्सच्या इस्पितळात नेईपर्यंत तो गेलेला होता.

त्या विद्यार्थ्याचे म्हणणे एकच होते : मला ती गाडी दिसलीच नाही. लोकांना ते खरे वाटले नाही. मला वाटते. करडी, बुटकी गाडी, करडा रस्ता, मागे वाळल्या गवताच्या टेकड्या, आणि दिवेलागणीची वेळ. या वेळेला डोळा फसतो. आपल्याकडे उसाच्या हंगामात काय होते ते आठवा. ट्रॉलीच्या मागे वाढे लोंबतात, दिवा असला तरी झाकला जातो. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ट्रॉली दिसली तरी ब्रेकवर पाय पडायला एक-दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १७ ते २५ मीटर संपले. आणि दिसलीच नाही तर? लाल चमकत्या पट्टीला फार पैसे लागत नाहीत. ती वाढ्यांच्या खाली, उघडी राहील अशी लावायची, आणि ट्रॉली बंद पडली तर चाकाला लावलेले दगड निघताना उचलायचे.

डीनचा देह गावी आणला. ८ ऑक्टोबरला फेअरमाउंटमध्ये अंत्यविधी झाला, लहानशा गावात हजारो माणसे लोटली. मरण्यापूर्वी त्याचा मोठ्या भूमिकेचा एकच चित्रपट पडद्यावर आला होता. दुसरा महिन्याभराच्या आत आला, 'जायंट' १९५६ साली. मेल्यानंतर त्याला ऑस्करसाठी दोनदा नामांकन मिळाले. चाहत्यांचे प्रेम असे की १९८३ साली त्याच्या थडग्याचा दगडच कुणी चोरून नेला!

मोडक्या गाडीचीही जत्रा झाली. तिचे काही भाग दुसऱ्या शर्यतीच्या गाड्यांत घातले, आणि १९५६ साली त्यांतल्या एका गाडीचा चालक शर्यतीत मेला. झाले, गाडी शापित ठरली. सांगाडा गावोगाव दाखवत फिरवला, १९६० साली तो नाहीसा झाला, तेव्हा शापाच्या कथेला आणखी फाटे फुटले. आपल्याकडे मोरीवर अपघात झाले की तिथे पांढऱ्या साडीतली बाई उभी राहते, तसलाच हा प्रकार. मोरीचा कठडा तुटलेला आहे, वळण आंधळे आहे, हे कुणी बोलत नाही.

त्या विद्यार्थ्याचे काय झाले? चौकशीच्या पंचांनी त्याच्यावर गुन्ह्याचा ठपका ठेवला नाही. तरी जन्मभर त्याची ओळख डीनला मारणारा अशीच राहिली. तो पुढे धंद्याला लागला, वर्तमानपत्रवाल्यांना टाळत राहिला आणि १९९५ साली वारला. त्याच्या बाजूने फारसे कुणी लिहिले नाही, म्हणून इथे चार ओळी.

तिठा मात्र पुढची कित्येक वर्षे तसाच राहिला आणि त्या रस्त्यावर माणसे मरत राहिली. २००५ साली त्याला डीनचे नाव दिले. रस्ता चौपदरी करून, वळणाऱ्या गाडीला समोरच्याची वाट कापावी लागू नये म्हणून उड्डाणपुलाचे काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हाती घेतले गेले.